म्हैस, शेळ्या आणि माफी

आमच्या घरात रागाचे दोन प्रकार होते. बाबांचा राग दुधासारखा. चटकन उतू जायचा, चुलीवर सांडायचा, जरासा करपट वास सुटायचा, आणि मग भांड्यात काही उरायचं नाही. मायचा राग हरभऱ्यासारखा. आधी भिजायचा, फुगायचा, मग कुठं चुलीवर चढायचा. मी दिसायला बाबांवर गेले असं सगळे म्हणायचे. राग मात्र मी मायकडून घेतला, आणि आज सत्तरीच्या उंबरठ्याशी येऊनही तो परत केलेला नाही.

मराठी-तेलुगू सीमेवर, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथला आमचं घर म्हणजे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि बाबांची टांगलेली इस्त्रीची पँट, मागच्या खोलीत चूल. अंगणात खुंट्याला दोन शेळ्या. कापसाच्या दिवसांत सगळ्या गावाच्या अंगाला तंतू चिकटलेले असायचे. माय वेचणीला जायची. बाबा महसूल कचेरीत कारकून होते, तरी जायची. 'साहेबाची बायको वावरात कायले येते?' असं कुणी विचारलं की म्हणायची, 'साहेब हापिसात हाये, पोट घरी हाये.' संध्याकाळी तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे असायचे आणि त्याच बोटांनी ती ज्वारीची भाकर थापायची. थप, थप, थप, मध्ये एक थांबा, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज. ताकातल्या कण्या, आंबाडीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. बाबा जेवताना हापिसातल्या गोष्टी सांगत. मिसल म्हणजे कागदांची फाइल सापडली नाही, जमिनीच्या पहाणीत कुणाचं नाव चुकलं, नवीन साहेब फक्त तेलुगूत बोलतो. बाबा हापिसात तेलुगू बोलत, बाजारात हिंदी आणि घरात आमची ती मराठी, जिला शाळेत कुणी मराठी म्हणत नसे.

विठ्ठलराव सरांची आणि मायची गाठ या मराठीवरूनच पडली. मी आठवीत मोठ्या शाळेत गेले तेव्हा शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाबा पहाणीच्या कामानं गावोगाव हिंडत होते म्हणून माय मला घेऊन शाळेत आली. शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून तिनं विचारलं, "मास्तर, पोरीचं नाव काऊन नाई आलं?" विठ्ठलराव सर विज्ञान शिकवायचे. गावात त्यांच्या घराण्याची बरीच जमीन, अंगावर कायम पांढरा सदरा, केस मागे वळवलेले. ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "'काऊन' नाही बाई, 'का'. 'नाई' नाही, 'नाही'. आधी स्वतः बोलायला शिका, मग पोरगी शिकवा." खोलीतले बाकीचे शिक्षक हसले. यादीतलं नाव दुरुस्त झालं. घरी आल्यावर माय पाटा मांडून मिरची वाटायला बसली. वाटता वाटता म्हणाली, "त्या मास्तराचं नाव काय म्हनली तू?" मी सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच. हरभरे भिजायला पडले.

पुढं दहावीत तेच सर आम्हाला भौतिकशास्त्राला आले. मी तोवर आदिलाबादच्या ग्रंथालयाच्या नादी लागले होते. बाबांना टपाल घेऊन जिल्ह्याला जावं लागे, सुट्टी असली की मीही बसमध्ये त्यांच्या शेजारी. ते कचेरीत जात, मी ग्रंथालयात. तिथं मराठी पुस्तकं थोडीच होती, म्हणून इंग्रजीशी झटापट करायची. सूर्यावरचं एक जाड पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. सूर्य कशाचा जळतो हा प्रश्न मला लहानपणापासून होता. लाकडाचा नाही, कोळशाचा नाही, मग कशाचा? पुस्तक म्हणालं, जळतच नाही. तिथं हलक्या अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात, मिसळताना थोडं वस्तुमान हरवतं आणि हरवलेल्याची ऊर्जा होते. याला संमीलन म्हणायचं. उलट युरेनियमसारखं जड केंद्रक फुटतं तेव्हाही थोडं वस्तुमान हरवतं. ते विखंडन. जोडण्यातूनही ऊर्जा, तोडण्यातूनही ऊर्जा. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी बाबांना हे सगळं सांगत होते आणि ते मान हलवत होते. मध्येच म्हणाले, "जोडूनबी निंगते अन् तोडूनबी निंगते, मंग जास्त कायच्यातून निंगते?" प्रश्न तो होता. मला उत्तर यायला काही आठवडे लागले.

ते उत्तर मी वर्गात सांगितलं, आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं. सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले होते. युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की दोनशे, हायड्रोजनचे दोन जड भाऊ एकत्र आले की साडेसतरा. दोन्ही आकडे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, आणि दोन्ही बरोबर. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'म्हणून विखंडन हे अधिक कार्यक्षम इंधन होय', आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी हात वर केला. म्हटलं, "सर, ते एका केंद्रकाचं झालं. वजनानं पाह्यलं तं उलटं हाये. युरेनियमचं केंद्रक दोनशे पस्तीस वजनाचं, अन् हे दोघं मिळून पाच. तेवढ्याच वजनाचं इंधन घेतलं तं संमीलनातून चौपट निंगते."

सरांनी खडू ठेवला. हात झटकले. म्हणाले, "पाहा रे, 'निंगते' म्हणे. बाईंना निघते म्हणता येत नाही आणि सूर्याचा हिशेब सांगतात. सरकारनं फुकट पुस्तकं दिली की असं होतं. बाहेर उभी राहा." वर्ग हसला. मी व्हरांड्यात उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता, मुलं ते वाक्य उतरवून घेत होती. मला रडू आलं नाही, हे मला त्याच दिवशी विचित्र वाटलं. कानामागं काहीतरी गरम होत होतं आणि मी मनातल्या मनात पुन्हा भागाकार करून पाहत होते. पुन्हा चौपटच येत होतं.

इथं हे नोंदवून ठेवते की सर वाईट शिकवत नसत. आरसे, भिंगं, लोलक हे त्यांनी इतकं छान शिकवलं की पुढं मी स्वतः शिकवताना तेच शब्द वापरले. माणूस अर्धा चांगला असला की त्याचा राग करणं अवघड जातं, असं लोक म्हणतात. मला कधी गेलं नाही.

त्याच वर्षी बेल्लमपल्लीला जिल्ह्यातल्या शाळांची विज्ञान वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, उद्याची ऊर्जा. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की भाषण तू लिही, तुझं वाचन आहे. मी हुरळून गेले. लिहायला बसले की शेळ्यांना चारा टाकायचंही विसरायची. दोन्ही बाजू लिहिल्या. वजनाला वजन लावलं तर संमीलन चौपट देतं, पण ते पृथ्वीवर घडवायला सूर्याच्या पोटातल्याहून जास्त तापमान लागतं आणि आजवर जेवढी ऊर्जा घालावी लागते तेवढी परत मिळालेली नाही. विखंडन कमी देतं, पण त्याच्या भट्ट्या चालू आहेत आणि त्यावर दिवे लागतात. म्हणून कार्यक्षम कोण, हे तुम्ही काय मोजता त्यावर आहे. या शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते.

कागद सरांकडे गेले आणि चार दिवसांनी माझ्या वर्गातल्या प्रमोदच्या हातात दिसले. प्रमोद सरांचा पुतण्या. गोरा, उंच, स्वच्छ बोलणारा. माझी सगळी वाक्यं तशीच होती, फक्त वजनाचा परिच्छेद लाल शाईनं खोडलेला होता आणि त्या जागी सरांच्या अक्षरात तेच फळ्यावरचं वाक्य होतं. सर मला म्हणाले, "भाषण चांगलं आहे, पण तुझ्या तोंडून तिथं कुणी ऐकणार नाही. बाहेरचे परीक्षक येतात. प्रमोद बोलेल. तू तक्ते काढ आणि धरायला चल. तुझंही बेल्लमपल्ली बघून होईल."

घरी मी हे सांगितलं तेव्हा बाबा आधी उतू गेले. मुख्याध्यापकाकडं जातो म्हणाले, चपला घातल्या, मग काढल्या. सरांच्या भावाचं बाबांच्या हापिसात, मोठ्या साहेबाकडं येणं-जाणं होतं. "जाऊ दे वंदी," शेवटी म्हणाले, "पुढच्या खेपेले पाहू." माय चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं, "त्यायनं जे लिवलं ते चूक हाये?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

"तू त्यायले सांगतली व्हती का?"

"वर्गात सांगतली. बाहेर उभं केलं."

मायनं भाकर उलटली. "मंग एकदा सांगतलं ते पुरे झालं," म्हणाली. "तक्ते चांगले काढजो."

मी फार सुंदर तक्ते काढले. युरेनियम लाल, हायड्रोजन निळा. काढताना मला सगळं दिसत होतं. सभागृह, खुर्च्या, सरांचा पांढरा सदरा. मी झोपताना ते पुन्हा पुन्हा पाहायची आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी सुधारणा करायची. सूड घेण्याआधीचे दिवस किती गोड असतात हे कुणी लिहीत नाही. आंबाडीची भाजीसुद्धा त्या आठवड्यात मला आंबट लागली नाही.

बेल्लमपल्लीत उतरलो तेव्हा हवेला कोळशाचा वास होता. खाणीचा भोंगा झाला की रस्त्यावरची माणसं एका बाजूनं चालू लागायची. कामगारांच्या चाळींसमोर दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि त्यांचा पांढरा रंग आमच्या पांढऱ्यासारखा नव्हता. स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. प्रेक्षक बहुतेक खाणकामगारांची मुलं. त्यांच्यातला एक मुलगा कोळशावर इतकं तडफदार बोलला की बाकं वाजली. मग प्रमोद. मी त्याच्या मागं तक्ता धरून उभी होते. तो खरंच सुंदर बोलला. माझी वाक्यं त्याच्या तोंडून ऐकताना मला क्षणभर अभिमानच वाटला. मग ते लाल शाईचं वाक्य आलं.

परीक्षकांत जाड चष्म्याच्या एक तेलुगू प्राध्यापिका होत्या, भौतिकशास्त्राच्या. मराठी त्यांना समजायची, पण बोलायच्या हिंदीत. प्रत्येक भाषणानंतर त्या हिंदीत विचारत, किसी को कुछ पूछना है? तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी तक्ता भिंतीला टेकवला, पायऱ्या उतरून प्रेक्षकांत गेले आणि हात वर केला.

"मुझे पूछना है," मी म्हटलं. "एक किलो इंधन इधर का, एक किलो उधर का. ज्यादा ऊर्जा किसमें से आयेगी?"

प्रमोद म्हणाला, "विखंडनातून."

बाई पुढं झुकल्या. "पक्का?"

प्रमोदनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. सर उठले. त्यांना वाटलं असणार की पोराला आधार द्यावा. ते बाईंकडं वळून हसत म्हणाले, "मॅडम, लडकी हमारी ही है, थोडी जिद्दी है. दोनशे और साडेसतरा, इसमें बड़ा कौन, ये तो बच्चा भी बतायेगा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, "तुम बताओ."

मी ठरवलं होतं की केंद्रकांची वजनं सांगायची, भागाकार करून दाखवायचा. पण समोर ती सगळी पोरं पाहिली आणि तोंडून वेगळंच निघालं. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, म्हैस एका वेळी बादलीभर दूध देते, शेळी तांब्याभर. म्हणून सर म्हणतात म्हैस चांगली. पण म्हशीचं जेवढं वजन तेवढ्या वजनाच्या शेळ्या उभ्या करा. युरेनियमच्या एका म्हशीमागं हायड्रोजनच्या चाळिसाच्या वर शेळ्या होतात. आता दोन्हीकडचं दूध मोजा. सरांनी एक म्हैस आणि एक शेळी मोजली, आणि वजन करायचं विसरले.

सभागृहात हशा फुटला. खाणीतली पोरं बाकं वाजवायला लागली. बाईंनी हात वर करून शांत केलं आणि विचारलं, "फिर आज सब म्हैस क्यों पालते हैं?" मी म्हटलं, "क्योंकि हमारी शेळी अभी दूध से ज्यादा चारा खाती है." त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. सर उभेच होते.

अलीकडं पेपरात आलं की एका प्रयोगशाळेत संमीलनातून एकदाचं घातल्यापेक्षा जास्त निघालं. मी बातमी शेवटपर्यंत वाचली. इंधनाच्या गोळीवर लेसरचा जेवढा प्रकाश पडला त्यापेक्षा जास्त निघालं, पण तो प्रकाश तयार करायला जी वीज लागली ती धरली तर अजून तोटाच आहे. काय मोजता त्यावर आहे. ते वाक्य अजून खरं आहे आणि माझं आहे.

बक्षीस कोळसावाल्या मुलाला मिळालं. मला काही मिळालं नाही, माझं नाव स्पर्धेत नव्हतंच. परतीच्या बसमध्ये सर पुढं बसले, मी मागं. प्रमोद मध्ये कुठंतरी होता, नंतर उठून माझ्या सीटजवळ आला. म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर मी ते वाक्य बोललो नसतो." मी म्हटलं, "भाषण कोणाचं हाये ते तू कधी इचारलं?" तो परत जाऊन बसला. प्रमोदचं आज आदिलाबादला बी-बियाण्यांचं दुकान आहे, भेटला की नमस्कार करतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तो मध्ये आला, एवढंच.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सर वर्गात शिरले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हलकेच हंबरलं. तिसऱ्या दिवशी दोघं. आठवडाभरात शाळेत सरांना म्हैस सर हे नाव पडलं, आणि ते त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकलं. मी ते नाव एकदाही उच्चारलं नाही. मला गरज नव्हती.

मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं. म्हणाले, शाळेची बेअब्रू झाली, मुलीनं सोमवारच्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर सरांची माफी मागावी, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म पुढं जाणार नाही. बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "मागून टाक वंदी," म्हणाले. "दोन शब्द बोलाले काय लागते. दहावी महत्त्वाची."

मी म्हटलं, मी मागणार नाही. बाबा ओरडले, मी ओरडले, शेळ्याही ओरडायला लागल्या. माय तूर पाखडत होती. सुपातला कचरा फुंकून ती म्हणाली, "माफी माग."

माझा विश्वास बसेना. "माय, तूबी?"

"माग ना. पन कायची मागून राह्यली, ते साफ सांगजो. बिना कायची माफी मानसानं मागू नाई."

सोमवारी प्रार्थना झाली. मैदानात रांगा, पुढं शिक्षक, मध्ये विठ्ठलराव सर हात मागं बांधून. मुख्याध्यापकांनी मला पुढं बोलावलं. मी अख्खा रविवार त्या चार वाक्यांवर घालवला होता, आणि ती मी सरांच्याच मराठीत बोलले. एकही 'काऊन' नाही, एकही 'निंगते' नाही.

"आदरणीय सर, माझ्याकडून चूक झाली. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही, हे आपण फळ्यावर ते वाक्य लिहिलंत त्या दिवसापासून मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो प्रश्न मी चारचौघांत विचारला. आपल्याला जे येत नाही ते आपल्याला चारचौघांत विचारल्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते."

कुणी हंबरलं नाही. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं घंटा द्यायला सांगितली. माफी मागितली गेली होती, शब्द तर सगळे माफीचेच होते, आणि फॉर्म अडवायला आता कारण उरलं नव्हतं. तो गेला. मी पास झाले, पुढं आदिलाबादला गेले, भौतिकशास्त्र घेतलं, पोट भरेपर्यंत शिकवलं. सरांनी तो धडा त्यानंतर कुठल्याच वर्गाला शिकवला नाही, असं मी माझ्या मागून आलेल्या मुलांकडून ऐकत राहिले, आणि प्रत्येक वेळी ऐकून मला बरं वाटलं. माणसानं क्षमा करावी असं आमच्या धम्मात सांगितलंय. मी बाकी बऱ्याच गोष्टी पाळल्या.

पण तो दिवस आठवला की मला मैदान आठवत नाही, संध्याकाळ आठवते. मी घरी आले तेव्हा माय वेचणीवरून नुकतीच आली होती, तिच्या केसांत कापूस होता. तिनं हातपायही धुतले नव्हते. मला समोर बसवून विचारलं, "बोलली?"

"बोलली."

"काय बोलली, तसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"मंग त्यायचं तोंड कसं झालं?"

मी ते सावकाश सांगितलं. आधी त्यांना वाटलं माफीच आहे, म्हणून ते जरा हसले. दुसऱ्या वाक्याला हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. तिसऱ्याला मागं बांधलेले हात सुटले. चौथ्याला त्यांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं, आणि मुख्याध्यापक आपल्या बुटांकडं पाहत होते. माय म्हणाली, "हातापासून पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. ती हसली नाही, नुसती ऐकत राहिली, जसं कुणी फार दिवसांनी पोटभर जेवावं.

बाबा मोरीत अंघोळ करत होते. पाण्याचा आवाज मघाशीच थांबला होता. ते ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून दारात आले आणि खाली बसले. "मले तिकून ऐकू नाई आलं," म्हणाले. "सुरुवातीपासून सांग."